बर्फाला घाम आला की पटाशी लावायची

गेल्या महिन्यात तारकर्लीच्या बाजूला एका लग्नात मी बर्फाचा हंस केला. साडेतीन फुटी, मान मस्त वळवलेली, पंखांवर एकेक रेघ ओढलेली, चार तास उभं राहून कंबर गेली माझी. आणि नवरीचे काका आले, चष्मा वर करून दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "बगळो बरो जमलो हा." काय बोलणार? बरोबरच आहे त्यांचं, मळ्यात बगळेच दिसतात रोज, हंस बघितलाय कोणी इकडे.

हंसाचं हे खूळ हॉटेलवाल्यांचं. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात एस्कॉफिए नावाचा मोठा शेफ होता, त्याने १८९०च्या दशकात नेली मेल्बा या गायिकेसाठी बर्फाच्या हंसात आइस्क्रीम आणि पीच घालून दिलं, तेच पुढे पीच मेल्बा झालं. तेव्हापासून जगभर बँक्वेट म्हटलं की हंस. मी मुंबईत एका मोठ्या हॉटेलात किचन आर्टिस्ट होतो, म्हणजे कलिंगडाची फुलं, लोण्याचे घोडे, थर्माकोलवर नावं आणि आठवड्यातून एकदा हंस. लॉकडाऊनमध्ये मालवणला घरी आलो तो परत गेलोच नाही. आता रिसॉर्टच्या आणि लग्नांच्या ऑर्डरी घेतो.

तर सगळे मला पहिला प्रश्न हाच विचारतात की टूल्स कुठली वापरतोस. जपानवरून मागवतोस का, चेनसॉ लागतो का, किती खर्च येतो. जपानी हत्यारं भारीच असतात, प्रश्न नाही, हॉटेलात एक सेट होता, लांब दांड्याच्या पटाश्या, हातोडी लावायचीच नाही, छातीचा आणि खांद्याचा जोर देऊन नुसती ढकलायची. पण माझ्याकडे आता आहेत त्या निम्म्या माझ्या मामाच्या. मामा सुतार. त्याच्या पेटीतली दीड इंची सपाट पटाशी, एक गोल पटाशी, आणि एक व्ही आकाराची जी त्याने देव्हाऱ्याच्या नक्षीकामाला घेतली होती. त्यांना मी लांब दांडे बसवून घेतले एवढंच. फरक इतकाच की लाकडाला चालते त्या धारेपेक्षा बर्फाला धार जास्त लागते. लाकडावर बोथट पटाशी चालवली तर काम हळू होतं, बर्फावर चालवली तर बर्फ फुटतो. कापत नाही, ठेचतो, आणि ठेचल्यावर आत पांढरा डाग पडतो तो काही केल्या जात नाही.

पण हत्यार ही नंतरची गोष्ट. खरी गोष्ट मला शिकवली ती बर्फाच्या कारखान्यातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने. बंदरावरचे बर्फाचे कारखाने तुम्ही बघितले असतील, पहाटे होड्यांसाठी लाद्या घसरत येतात आणि क्रशरमध्ये जाऊन चुरा होतात, मासळीवर टाकायला. मी सुरुवातीला तिथनं लादी आणायचो, घरच्या मोठ्या डीप फ्रीजरमध्ये ठेवायचो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीजरमधनं काढली की लगेच सुरू. पहिल्या तीन लाद्या फुटल्या. तडक्क असा आवाज यायचा आणि वरपासून खालपर्यंत रेघ. मला वाटलं लादीच खराब, म्हणून भांडायलाच गेलो. मिस्त्री बीडी विझवत म्हणाले, "लादीक काय्येक झाला नाय. तू घाई करतस. बरफाक आधी घाम येऊ दी, मगे पटाशी लाय."

एवढंच. आणि हेच हॉटेलात आम्हाला इंग्रजीत टेम्परिंग म्हणून शिकवलं होतं, पण तिथे एसी किचन होतं, लादी आपोआप तासन्‌तास ट्रॉलीवर पडलेली असायची म्हणून कधी जाणवलंच नाही.

होतं काय की डीप फ्रीजरमधली लादी उणे १८ वगैरे असते. अंगाला हात लावला तर हात चिकटतो, वर पांढरी भुकटी बसलेली, आरपार काही दिसत नाही. ती एकदम मे महिन्याच्या हवेत आणली की वरचा थर पटकन गरम होऊन प्रसरण पावतो, आतला तसाच गारठलेला, मग ताण येतो आणि तडा जातो. अशा बर्फावर पटाशी मारली तर कपचे उडतात, काचेसारखे, कुठे जातील सांगता येत नाही. तोच बर्फ सावलीत गोणपाटाखाली तास-दोन तास ठेवला की वरची भुकटी जाते, अंग ओलं होतं, लादी आरपार दिसायला लागते. हा मिस्त्रींचा घाम. मग तीच पटाशी, तोच हात, आणि बर्फ असा सुटतो जशी आडकित्त्यात ओली सुपारी. लांब लांब वळलेल्या पापुद्र्या निघतात.

कारखान्याची लादी थेट आणली तर मात्र हा त्रास कमी, कारण तिथे मुळात थंडी कमी असते. मोठी टाकी, त्यात मिठाचं पाणी, ते अमोनियाच्या प्लांटवर उणे ८-१० पर्यंत गार केलेलं, आणि त्यात पत्र्याचे उभे डबे पाणी भरून बुडवलेले. एक मोठा डबा गोठायला दीड-दोन दिवस लागतात. मग डबा साध्या पाण्यात बुडवून लादी सैल करतात आणि उलटी करून बाहेर. घरी येईपर्यंत तिला घाम आलेलाच असतो.

पण तिचा प्रॉब्लेम वेगळा. मधोमध पांढरा गाभा. डब्यात थंडी चारी बाजूंनी येते, म्हणून बर्फ बाहेरून आत धरत जातो, आणि बर्फ तयार होताना पाण्यातली हवा आणि क्षार बाजूला ढकलतो, ते ढकलत ढकलत सगळे शेवटी मध्यभागी अडकतात. म्हणून लादी कडेला काच आणि मध्ये खडू. हा गाभा दिसायला वाईट आणि ठिसूळ पण. चांगल्या कारखान्यात डब्यात नळीने हवा सोडून पाणी हलतं ठेवतात आणि शेवटी मधलं गढूळ पाणी ओढून काढून ताजं घालतात, तर गाभा पुष्कळ कमी होतो, पण मासळीवर टाकायच्या बर्फासाठी एवढं कोण करणार. परदेशात कोरीव कामासाठी क्लाइनबेल म्हणून मशीन असतं, त्यात थंडी फक्त खालून देतात आणि वरचं पाणी छोट्या पंपाने सतत फिरवत ठेवतात, त्यामुळे हवा वरच्या पाण्यातच राहते आणि खाली ४० इंच लांब, २० इंच रुंद, १० इंच जाड अशी स्वच्छ काच मिळते. मी घरी तसला प्रकार करून बघितला, मोठा आइसबॉक्स झाकण काढून फ्रीजरमध्ये, म्हणजे बाजूंनी थंडी लागत नाही, वरून खाली गोठतं. लहान तुकड्यांना चालतं. मोठ्याला नाही, चार-पाच दिवस फ्रीजर अडकून राहतो आणि तेवढ्यात लाईट जातेच.

म्हणून गाभ्याला मी डिझाइनमध्येच जागा देतो. मासा करायचा असला तर गाभा पोटात घेतो, चांदी चमकल्यासारखा दिसतो आणि लोकांना वाटतं मुद्दाम केलंय.

मासा म्हटल्यावर सांगतोच. एका रिसॉर्टला सी-फूड काउंटरवर ठेवायला सुरमई हवी होती, आम्ही इसवण म्हणतो. त्या दिवशी नेहमीच्या ठिकाणी लादी नव्हती, दुसऱ्या एका कारखान्यातनं पहाटे अंधारात उचलली, भुशात टाकली, ताडपत्री बांधली आणि छोट्या हत्तीतनं घरी. उजाडल्यावर गोणपाट काढलं तर लादी निळी! २०१८ पासून नियम आहे ना, खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा, म्हणजे गोळेवाले आणि ज्यूसवाले तो वापरणार नाहीत. विसरलोच होतो मी. चूक माझीच, विचारायला पाहिजे होतं. आणि काउंटरवर जिथे कोळंबी आणि कालवं बर्फाला टेकणार तिथे हा बर्फ चालतच नाही. मग धावपळ करून पिण्याच्या पाण्याची लादी मिळवली, अकरा वाजले, आणि निळ्या लादीची पण इसवण केलीच, गेटवर ठेवायला, खाण्यापासून लांब. लोक गेटवरच्या माशाबरोबर जास्त फोटो काढत होते. काउंटरवरच्या पारदर्शक माशाकडे, ज्याच्यावर मी जीव ओतला होता, कोणी ढुंकून बघितलं नाही.

आता कामाचा क्रम. कागदावर खऱ्या मापात चित्र काढायचं, लादीला ओलं करून कागद चिकटवायचा आणि टोच्याने रेषेवर भोकं पाडत जायचं, कागद काढला की ठिपक्यांची आकृती राहते. टोचा म्हणजे तोच, बर्फवाल्याकडे असतो तो. एका रेषेत चार-पाच ठिकाणी टोचून मग एक ठोका दिला की लादी सरळ दुभंगते, ही त्यांची विद्या बघत बसावी अशी आहे. मग मोठा माल काढायला चेनसॉ. इलेक्ट्रिकच, पेट्रोलचा धूर आणि तेल बर्फावर बसतं. साखळीला गाडीचं ऑइल घालायचं नाही, खाण्याजवळ ठेवायचं असतं, मी खायचंच तेल वापरतो. आणि पायाखाली पाणी, हातात विजेचं यंत्र, हे लक्षात ठेवून ईएलसीबी (वीज गळली की लगेच बंद पाडणारा स्विच) लावलेल्या बोर्डावरच, गमबूट घालून, खाली रबरी मॅट टाकून. यात मस्करी नाही. हाताने कापायचं तर करवतीचे दात मोठे आणि चांगले फाकवलेले हवेत, बारीक दातांत बर्फाचा भुगा भरतो, तो तिथेच धरतो आणि करवत अडकते.

सपाट करायला मला सगळ्यात आवडलेलं हत्यार म्हणजे रंधा. गोळेवाल्याची ती लाकडी पाटी आठवा, ज्याच्यावर तो बर्फ घासतो आणि खाली चुरा पडतो. तो उलटा ठेवलेला रंधाच आहे! मी तो सुलटा करून चालवतो. मामा बघून हसला होता, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच पातं घासून दिलं.

बारीक कामाला डाय ग्राइंडर, म्हणजे हातात धरायचं गरगर फिरणारं यंत्र, त्याला वेगवेगळी टोकं लावून. खवले, डोळा, पंखांची पिसं. ग्राइंडरने खणलेली रेघ पांढरी दिसते आणि बाकी अंग पारदर्शक, म्हणून चित्र उठून दिसतं. सगळ्यात शेवटी पूर्ण मूर्तीवर साधं पाणी ओतायचं किंवा हीट गन लांबून फिरवायची, की हत्यारांचे ओरखडे वितळून चकाकी येते. थंड लादीवर हे केलंत तर पुन्हा तडक्क.

लहानपणी मी गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती करतात तिथे, पडीक असायचो, शाडूची माती मळायची, सोंडेचे गोळे करून द्यायचे. मातीत चूक झाली की माती लावता येते. बर्फात काढलेलं परत येत नाही, असं मी बरीच वर्षं समजत होतो. खरं तर बर्फ जोडता येतो आणि तोच या कामातला सगळ्यात मजेशीर भाग आहे, डोकेदुखी पण. हंसाची मान, माशाचा पर, हे वेगळं करून जोडतात. ॲल्युमिनियमची जाड पट्टी गरम करायची, दोन्ही तुकड्यांच्या मध्ये धरायची, दोन्ही तोंडं एकदम वितळून तंतोतंत सपाट होतात, पट्टी काढायची आणि लगेच दाबून धरायचं. आतला बर्फ पुरेसा गार असेल तर मधलं पाणी काही सेकंदात गोठतं आणि जोड दिसत सुद्धा नाही.

गार असेल तर. इथेच गोची. पटाशीला घाम आलेला बर्फ पाहिजे आणि जोडाला कोरडा गारठलेला. घाम आलेला बर्फ शून्यावर असतो, मधलं पाणी गोठवायला त्याच्याकडे थंडीच शिल्लक नसते. मी पहिल्यांदा दुपारी एक वाजता अंगणात मान जोडत होतो, दहा मिनिटं दोन्ही हातांनी धरून उभा, आई पडवीतनं विचारते, "कोणाचो गळो धरलंस रे?" सोडली आणि मान पायावर. तेव्हापासून नियम असा की कोरायचं घाम आल्यावर, मग तुकडे रात्रभर परत फ्रीजरमध्ये, आणि जोडायचं पहाटे, फ्रीजरमधनं काढल्या काढल्या. फटी भरायला बर्फाचा चुरा आणि गार पाणी कालवून त्याचा लगदा. चेनसॉचा पडलेला भुगा त्यासाठी राखून ठेवतो.

आता इकडच्या हवेबद्दल. लोक मला म्हणतात मालवणला तर तापमान सहसा ३३च्या फार वर जात नाही, विदर्भात ४५ असतं, मग तुला काय त्रास. त्रास तापमानाचा नाहीच, दमटपणाचा आहे. गार ग्लासाच्या बाहेर पाणी जमतं तसं मूर्तीवर हवेतली वाफ जमते, आणि वाफेचं पाणी होताना ती आपली उष्णता बर्फाला देऊन टाकते. एक ग्रॅम वाफ बर्फावर येऊन पाणी झाली की साधारण साडेसात ग्रॅम बर्फ वितळतो. हिशोब करा. समुद्राकाठी मे महिन्यात संध्याकाळी शर्ट अंगाला चिकटतो ती हवा मूर्तीला पण चिकटलेली असते.

आणि वारा. एका लग्नात मी मूर्ती लावून हात धुवायला गेलो, परत येतो तर डेकोरेशनवाल्या पोराने मोठा पंखा तिच्यावर सोडलेला. "थंड राहूक व्हयी ना दादा," म्हणतो. त्याचा हेतू चांगला होता हो! आपल्याला पंख्याने गार वाटतं ते घाम सुकतो म्हणून, बर्फाला मात्र दर सेकंदाला नवीन गरम दमट हवा मिळते. पाऊण तासात हंसाची चोच गेली. मग खरंच बगळा पण राहिला नाही, बदक झालं.

ऊन तर अजिबात नको. ऊन बर्फाला नुसतं बाहेरून वितळवत नाही, किरण आत शिरतात आणि पोटातल्या पोटात बारीक बारीक पाण्याची फुलं तयार होतात, सहा पाकळ्यांची, टिंडल नावाच्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात त्यांच्यावर लिहून ठेवलंय. भिंगातनं बघायला सुंदर. पण ती झाली की लादी आतून धुरकट होते.

म्हणून मी डिझाइन करतानाच जेवणाच्या वेळेचा विचार करतो. पाहुणे आठला येणार, फोटो नऊपर्यंत, म्हणजे मूर्ती साडेनऊपर्यंत ओळखता आली पाहिजे. कुठलाही भाग चार बोटांपेक्षा बारीक नाही, मान सुरुवातीला जाडच ठेवायची, ती नऊ वाजता बरोबर होते. सातला जी मूर्ती परफेक्ट दिसते ती चुकलेली मूर्ती. खाली खोल ट्रे, त्याला नळी, नळी बादलीत, आणि बादली कोण रिकामी करणार ते आधीच ठरवून. ट्रेमध्ये मूर्ती पाण्यात उभी राहता कामा नये, लाकडी फळ्यांवर उचललेली, नाहीतर बुडापासून वितळून कलते. एलईडी लाईट खालून, जुने हॅलोजन नकोत.

चीनमध्ये हार्बिनला दरवर्षी बर्फाची अख्खी शहरं उभारतात, १९८५ पासून चालू आहे, सोंगहुआ नदीचाच बर्फ कापून आणतात, आणि ती महिना-दोन महिने उभी राहतात कारण बाहेरच उणे २० असतं. व्हिडिओ बघून बघून मला जळफळायला होतं. पण मग ती दुसरी गोष्ट आठवते, १८३३ साली बोस्टनच्या ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने तळ्यातला बर्फ जहाजाने कलकत्त्याला पाठवला, चार महिन्यांचा प्रवास, विषुववृत्त दोनदा ओलांडून, आणि निघताना साधारण १८० टन होता त्यातला १०० टन पोचला. त्या व्यापारात बर्फ गुंडाळायला लाकडाचा भुसा वापरायचे. माझ्या छोट्या हत्तीत पण तोच भुसा असतो, मामाच्या वखारीतला, फुकट. कुडाळहून मालवणला येताना रस्त्याची अवस्था बघता ट्यूडरचा प्रवास सोपा होता असं माझं मत आहे.

आता १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, लग्नं नाहीत, कारखान्यात पण जेमतेम काम. हत्यारांना मात्र हेच दिवस वाईट, खारी हवा आणि त्यात पावसाळा, एका रात्रीत पटाशीवर तांबूस साय धरते. मी आणि मामाने गेल्या रविवारी सगळ्या पडवीत मांडल्या, दगडावर धार काढली, खोबरेल लावलं (मशीनचं तेल नाही, पुढे खाण्याजवळच जायच्यात), कापडात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत टाकल्या. तेवढ्यात मिस्त्रींचा फोन. ऑगस्टमध्ये कारखाना सुरू होईल तेव्हा पहिल्या दिवशी लादी बाजूला काढून ठेवू का, विचारत होते. ठेवा म्हटलं.

"पांढरी व्हयी का निळी?" आणि फोनवर पाच मिनिटं नुसता खोकला आणि हसणं.